बटाट्यातील एक प्रथिन

फ्रीगंजच्या बाजारात माळव्याचा बटाटा पारखून घेताना त्याच्या पेशींचा विचार सहसा कोणी करीत नाही. तथापि, उज्जैनच्या शेजारच्याच इंदूर शहरी १९११ साली जन्मलेल्या एका मराठी संशोधिकेचे नाव याच कंदाशी निगडित आहे. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, या त्या विदुषी होत.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून त्यांनी बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत अर्ज केला. वडील व चुलते तेथलेच विद्यार्थी. परंतु संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवरील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले.

पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम-सी’ हे प्रथिन आढळले. श्वसनात इलेक्ट्रॉन एका घटकाकडून दुसऱ्याकडे पोचविणे हे त्याचे कार्य. १९३९ साली त्या पीएच. डी. झाल्या.

प्रथिन आहे, एवढे कळले. ते घडलेले कसे, हा पुढचा प्रश्न. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती घडी घालून गुंडाळलेली असते. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून अशी घडी उलगडल्याबद्दल केंब्रिजच्याच पेरुट्झ व केंड्रू यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रत्येक प्रथिनाचे स्फटिक होत नाहीत.

तेथे दुसरी युक्ती कामी येते. दोन टोके असलेले एक रसायन प्रथिनात मिसळतात. त्याची दोन्ही टोके लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतात. या सेतूची लांबी ठाऊक असल्याने, माळेत दूर असलेले पण घडीत जवळ आलेले मणी जोडले जातात. मग पाचकरसाने माळेचे तुकडे करून ते वस्तुमानमापकात तोलतात. दोन तुकडे व सेतू यांचे वजन एकत्र आले, की शेजार सिद्ध झाला. असे अनेक शेजार जुळवून घडीचा अंदाज बांधतात. संपूर्ण चित्र मात्र एवढ्याने मिळत नाही.

ही पद्धत पारखण्यासाठी घडण आधीच ज्ञात असलेले प्रथिन लागते. लायसिनने समृद्ध असे सायटोक्रोम-सी त्या कसोटीला वारंवार घेतले जाते.

कमलाबाई १९९८ साली निवर्तल्या. पुराव्यापुढे मत बदलावे, हा शास्त्राचा धर्म. रामन यांनी तो पाळला. परंतु जो पुरावा एकाही तरुणाकडे मागितला गेला नाही, तो देण्याचे ओझे त्या वर्षी एका मुलीला वाहावे लागले.