डेथ व्हॅली आणि तिथले मूळ गावकरी

लास व्हेगासहून मुलाबाळांना घेऊन गाडीने निघालं की दोन-अडीच तासांत डेथ व्हॅली येते. समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली, आणि चंद्रपूरचा मे महिना गार वाटावा असा उन्हाळा! नाव दिलं ते १८४९-५० साली कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघून वाट चुकलेल्यांनी. पुढे १८८३ पासून खेचरांच्या गाड्या इथला टाकणखार १६५ मैलांवरच्या मोहावी स्टेशनात नेऊ लागल्या. (आपण कॅरमवर भुरभुरतो ती बोरिक पावडर ह्याच खारापासून करतात.)

पण सोनेवाल्यांच्या तोंडचं पाणी जिथे पळालं, तिथेच टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. हिवाळ्यात दरीत, उन्हाळ्यात वर डोंगरात; खायला दरीतल्या मेस्किटच्या शेंगा आणि डोंगरातल्या चिलगोज्यासारख्या बिया. १९३३ साली सरकारने त्यांना न विचारताच दरीला राष्ट्रीय स्मारक करून टाकलं. १९५७ नंतर तर रिकामी दिसतील ती त्यांची मातीची घरं पाण्याचे फवारे मारून पाडली. तरी काही कुटुंबं हटली नाहीत. १९८३ साली जमातीला मान्यता मिळाली, १९९४ साली स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० साली कायद्याने साडेसात हजारांहून जास्त एकर जमीन परत मिळाली. त्यातले जेमतेम तीनशे एकर फर्नेस क्रीकला, जुन्या वस्तीपाशी. 'मृत्यूची दरी' हे नाव मात्र त्यांना अजूनही खटकतं.