घानात वीज गेली म्हणून...

मंडळी, परवा लॅपटॉप उघडला तर सगळ्या फायलींची नावं बदललेली, वर खंडणीची चिठ्ठी. पैसे दिले नाहीत. नेट तोडलं, डिस्क पुसली, विंडोज नव्याने टाकली. जुन्या हार्डडिस्कवर कॉपी होती म्हणून वाचलो.

तेव्हा आठवला २७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' सुटला आणि इकडे आपल्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प! खंडणी मागायचा, पण पैसे भरूनही फायली परत मिळणार नव्हत्या. बनवलाच होता नासधूस करायला. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर पुन्हा उभे करावे लागले. पण कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, ही नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. शाबूत एकच, घानातला. हल्ल्याआधी तिथे वीज गेली, म्हणून तो नेटवर्कपासून तुटला होता. (आणि आपण लोडशेडिंगला किती शिव्या घातल्या!)

माझी हार्डडिस्क तरी कपाटात का होती? वायर सापडत नव्हती म्हणून. शेवटी शेजाऱ्यांकडून मागून आणली.