ऊन पाण्याचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पुसदच्या पूस नदीला पोटात घेणाऱ्या पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यात, उनकेश्वरला मात्र दोन्हींचा मोह होतो. तिथली गरम पाण्याची कुंडे रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून काढली, अशी कथा आहे. ऋषीचे कूळ राहू द्या. नावाचे आणि पाण्याचे मूळ शोधता येते.

नावातले 'ऊन' अंगणात पडते ते नव्हे, 'ऊन ऊन भाता'तले. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. याच वाटेने तृष्णेची तण्हा आणि पुढे तहान झाली, कृष्णाचा कान्हा झाला. 'ऊन' म्हणताना 'ह' ऐकू येत नाही. 'उन्हात' म्हटले की लगेच हजर. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे या झऱ्यांच्या गावांनी तो जपला. जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवात आणि आपल्या उनकेश्वरात तो गळाला. व्युत्पत्ती शोधणारा अशा उरल्यासुरल्या 'ह'वरूनच माग काढतो.

पाण्याचा मागही उरल्यासुरल्यावरूनच निघतो. पाणी जितके तापते तितकी खडकातली सिलिका त्यात जास्त विरघळते, आणि ते भराभर वर आले तर ती सगळी खाली बसायला वेळ मिळत नाही. म्हणून कुंडातले पाणी नुसते ऊन असले, तरी खोलवर ते किती कढत होते याचा अंदाज सिलिकेवरून बांधता येतो. मॅग्नेशियमचे उलटे. तापलेल्या खडकात ते पाण्यातून निघून खनिजांत जाते. वर आलेल्या पाण्यात ते बरेच सापडले, तर वाटेत थंड भूजल मिसळल्याचा संशय घ्यायचा. क्लोराइड सहसा कोणत्याच खनिजात अडकत नाही, त्यामुळे किती भेसळ झाली याचा हिशेब त्यावर मांडतात.

या साऱ्यांना आपण सरसकट 'क्षार' म्हणतो. संस्कृतात क्षार म्हणजे झोंबणारा, जाळणारा. खार आणि खारट त्याचेच वंशज. म्हणजे झऱ्यातल्या क्षारालाही मुळात दाहच चिकटलेला.

मूळ पाणी कुठले, हे मात्र क्षार सांगत नाहीत. त्यासाठी पाण्याच्या रेणूतच शिरावे लागते. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे जड अणू पावसाच्या पाण्यात ठरावीक नात्याने कमीजास्त होतात. ते नाते हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये एका रेषेत मांडले. गरम झऱ्यांचे पाणी तपासले की त्यातला हायड्रोजन बहुधा त्या भागातल्या पावसासारखाच निघतो. ऑक्सिजन तेवढा तापलेल्या खडकाशी देवघेव करून रेषेपासून सरकतो. खडकात ऑक्सिजन मुबलक, हायड्रोजन नावापुरता, म्हणून हा फरक.

अशा झऱ्यांच्या पाण्याला लोक पाताळातले मानतात. पण गावांना नावे देणाऱ्यांनी पाताळ घेतले नाही, ऊन घेतले, आणि तेच नेमके निघाले: पाणी बहुतेक पावसाचेच, खालून आलेले आहे ते त्याचे ऊनपण.