बुगेरोचा पुत्रशोक आणि त्याच्या चित्रांचे छाप

फ्रान्स देशात १९ व्या शतकात राजमान्य पद्धतीने चित्रे काढणारे जे चित्रकार झाले, त्यांत विल्यम बुगेरो याचे नाव अग्रगण्य होय. हा १८२५ साली ला रोशेल बंदरी जन्मला व १९०५ साली तेथेच निवर्तला. त्याची मूळ चित्रे बहुधा धनिकांच्या दिवाणखान्यांत गेली. सामान्य जनांस त्यांचे दर्शन घडले ते छापांवरून. पॅरिसची गूपिल पेढी १८६६ पासून त्याची चित्रे विकत घेऊ लागली व त्यांच्या प्रतिकृती काढून देशोदेशी विकू लागली. चित्राचे छायाचित्र प्रकाश व अम्ल यांच्या साह्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरीत, खळग्यांत शाई भरीत, आणि वर ओला कागद दाबून छाप घेत. रंग लोपत; परंतु मुखावरील छाया व हातांची ठेवण यथातथ्य उतरे. बुगेरोच्या चित्रांत हातच पुष्कळ बोलतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

१८७५ च्या जुलैत त्याचा थोरला पुत्र जॉर्ज ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर मरण पावला. पुढील वर्षी बुगेरोने 'पिएता' हे चित्र प्रदर्शनात मांडले. कृष्णवस्त्रा मरिया मृत ख्रिस्तास उराशी कवटाळून थेट आपणांकडे पाहते आहे. सभोवती देवदूत शोक करीत आहेत. तिचे नेत्र रडून आरक्त झालेले आहेत. एकरंगी छापात ही लाली उमटावी कशी? चित्राच्या तळाशी एक कलश आहे. त्यावर पित्याने लॅटिन भाषेत आपल्या लाडक्या पुत्राचे नाव व मृत्युदिन लिहून ठेविला आहे. चित्र पाहणाऱ्याची दृष्टी तेथवर क्वचितच जाते.

१८७७ साली त्याची पत्नी व एक तान्हे बाळही गेले. त्याच सालचे त्याचे 'सांत्वनदायिनी कुमारी' हे चित्र आज स्ट्रासबुर्गच्या संग्रहालयात आहे. पायांशी निष्प्राण बालक, मरियेच्या मांडीवर कोसळलेली त्याची माता, आणि मरियेचे दोन्ही हात स्वर्गाकडे उचललेले. आपण लितानीत दुःखितांचे सांत्वन म्हणून जिला आळवितो, तीच ही.

दगा व त्याचे स्नेही बुगेरोच्या गुळगुळीत कुंचल्याची थट्टा करीत. त्याच्या अप्सरांविषयी तो आक्षेप मला मान्य आहे. या दोन चित्रांविषयी मात्र तो मला पटत नाही. बुगेरोच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षे त्याची कीर्ती मावळली होती. १९८४ साली पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा लोक पुन्हा त्याच्याकडे वळले. गूपिल पेढीचे पत्रे व छाप बोर्दो नगरीत जतन केलेले आहेत.