दगडी: जालन्याच्या मुलखातील गोठा आणि जंतुशास्त्र

जालन्याचा इतिहास सांगू लागणारा माणूस बहुधा असईच्या रणांगणापासून आरंभ करतो, आणि तसे करण्यास त्याच्यापाशी सबळ कारणही असते; कारण २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने जो पराभव केला, त्याच्या पाठोपाठ या मुलखाच्या राजकारणाची घडी बदलली, आणि पुढे जालना शहराला लागून जी छावणी वसली तिच्यामुळे कापूस, ज्वारी व उदीम यांच्या जोडीला रिसाले, तोफा आणि त्यांना लागणारी जनावरे हीही इथल्या जीवनाचा भाग होऊन बसली. या जनावरांत पहिला मान घोड्याचा आणि त्याखालोखाल गाडे ओढणाऱ्या बैलाचा. गाय रयतेच्या गोठ्यात राहिली, आणि तिच्या कासेला काय दुखते याची विचारपूस करण्याचे प्रयोजन सरकारी दप्तराला फारसे वाटले नाही.

पशुवैद्यक या देशात सरकारी शास्त्र म्हणून आले तेच मुळी लष्कराच्या आश्रयाने. पुण्यास १८६२ साली लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली ती घोड्यांची निगा राखणारे सालोत्री तयार करण्यासाठी. आणि त्या शाळेशी निगडित असलेल्या हॅलन यांच्या नेतृत्वाखाली गुरांच्या साथींची चौकशी करणारे जो आयोग नेमला गेला, त्याचा १८७१ चा अहवाल मुख्यतः बुळकांडीभोवती फिरतो. परळ येथे १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १८८९ मध्ये पुण्यास जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा स्थापन झाली आणि चार वर्षांनी ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. परंतु या सर्व संस्थांसमोर उभे असलेले संकट बुळकांडी, घटसर्प, फऱ्या अशा नावांचे होते. या अग्रक्रमाला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या रोगाने एका हंगामात गावचे गाव बैलांवाचून उघडे पडे आणि पेरणी थांबे, त्याच्यापुढे एका गाईचे एक सड बंद पडणे ही घरगुती हानी होती. बुळकांडीचा आपल्या देशातील अखेरचा रुग्ण १९९५ मध्ये नोंदला गेला आणि जगातून तिचे उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली, एवढ्यावरून त्या लढाईची लांबी लक्षात यावी.

मात्र घरगुती हानी घराला ठाऊक होतीच. व्यायलेल्या गाईची वा म्हशीची कास एकाएकी तापते, सुजते, हाताला टणक लागते, वासराला ती सडाशी फिरकू देत नाही, आणि धार काढू गेले असता दुधाऐवजी पाणी, गुठळ्या, प्रसंगी रक्त येते, या अवस्थेला आपल्याकडे दगडी म्हणतात. ग्रंथात तिला कासदाह किंवा स्तनदाह असे नाव आहे. गोठ्यातील निदान पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून सिद्ध झालेले होते. दूध खारट लागते, तापवले की फाटते, त्याचे दही नीट लागत नाही, हे सासूने सुनेला सांगितलेले असे; आणि रसायनशास्त्राने या प्रत्येक लक्षणाची उपपत्ती पुढे दिलीही. रोगट कासेत दुग्धशर्करा घटते आणि रक्तातील क्षार दुधात उतरतात म्हणून ते खारट लागते; रक्तातून आलेली विकरे दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करतात म्हणून दही सैल पडते.

ही उपपत्ती जिथून निघाली ते ठिकाण मात्र दूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी दुभत्या गाईंच्या संसर्गजन्य कासदाहात साखळीसारखे जुळलेले गोलाणू दाखवून दिले, आणि रोगाचे कारण दृष्ट किंवा वारा यांत नसून एका सूक्ष्म जीवात आहे, व तो जीव दूध काढणाऱ्याच्या हातावरून एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो, ही गोष्ट प्रथमच प्रमाणाने सिद्ध झाली. पुढच्या अर्धशतकात जंतूंचे दोन वर्ग स्पष्ट झाले. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे प्रामुख्याने कासेत वस्ती करणारे आणि हातांतून, फडक्यांतून पसरणारे, तर ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे शेण, चिखल आणि ओली गव्हाण यांतून येणारे. काळ्या मातीच्या आपल्या मुलखात श्रावण-भाद्रपदात गोठ्याची जमीन आठआठ दिवस सुकत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दुसऱ्या वर्गाविषयी निराळे सांगावे लागणार नाही.

परंतु माझ्या मते या संशोधनातील खरी क्रांती जंतू सापडण्यात नव्हती. ज्या रोगाचे लक्षणच दिसत नाही तो रोग दृश्य करण्यात होती. कास मऊ आहे, दूध पांढरे आहे, गाय रवंथ करते आहे, आणि तरीही एका सडात संसर्ग महिनोन्‌महिने मुरून उत्पन्न खात आहे, या सुप्त कासदाहाची व्याप्ती दगडीपेक्षा कितीतरी अधिक असते. संसर्ग झाला की शरीर त्या सडाकडे पांढऱ्या पेशी धाडते. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात त्या साधारणतः दोन लाखांच्या आत असतात, आणि रोग असल्यास अनेक पटींनी वाढतात. कॅलिफोर्नियात शाम आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली तिला सूक्ष्मदर्शकही लागत नाही: चार खणांच्या पसरट पात्रात चार सडांचे थोडेथोडे दूध घ्यावे, तितकेच साबणी द्रावण मिसळावे आणि पात्र हलके फिरवावे, पेशी फुटून त्यांतील द्रव्य मोकळे होते आणि ज्या सडात संसर्ग असेल त्या खणातील मिश्रण घट्ट, चिकट होते. गोठ्याच्या दारात मिनिटभरात निर्णय देणारी एवढी सोपी आणि स्वस्त युक्ती पशुवैद्यकात विरळाच.

त्या सुमारास जालना, अंबड, भोकरदन हे तालुके हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन वर्षही उलटले नव्हते. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या गाई आणि इथली मराठवाडी म्हैस दूध बेताचे देत, वासरू तोंड लावून कास रिकामी करी, आणि उरलेल्याचे तूप होई. अशा व्यवस्थेत सुप्त कासदाहाचा प्रश्न उपस्थित होण्यास अवकाश कमी होता. तो उपस्थित केला संकरित गाईने. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केल्यानंतर जर्सी आणि होल्स्टिन रक्ताच्या गाई महाराष्ट्रभर पसरल्या, १९७० पासून दुधाच्या महापूर योजनेने संकलनाची वाट दाखवली, आणि १९७२ च्या भीषण अवर्षणाने कोरडवाहू कास्तकाराला शेतीबाहेरच्या उत्पन्नाची निकड पटवून दिली. त्याच वर्षी, जालन्याहून जाणाऱ्या लोहमार्गावरच्या परभणीस, पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि मराठवाड्याच्या मुलाला त्या शिक्षणासाठी मुंबई-नागपूर गाठण्याची आवश्यकता उरली नाही. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा मोठ्या कासेची, अधिक दुधाची आणि म्हणूनच अधिक नाजूक गाय त्याच्या गोठ्यांत पोचू लागली होती.

इंग्लंडमध्ये रेडिंगनजीकच्या दुग्धसंशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात या रोगाच्या नियंत्रणाची पाच कलमे सिद्ध केली: प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, भाकड होताना सर्व सडांत प्रतिजैविक भरणे, दगडी झाल्यास तत्काळ उपचार, असाध्य गाय कळपातून काढणे, आणि दूध काढण्याच्या यंत्राची निगा. ही कलमे उत्तम आहेत, परंतु दोन-तीन जनावरांच्या, हाताने धार काढणाऱ्या जालन्यातील बहुसंख्य गोठ्यांत यंत्राचे कलम निरर्थक ठरते, आणि गाय काढून टाकण्याचे कलम धर्म, कायदा आणि दारिद्र्य या तिघांनाही मान्य नाही. उलट जे दोष आमचे आहेत त्यांना त्या यादीत स्थान नाही. अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय आतील नाजूक अस्तर दुखावते. पूर्ण मुठीने धार काढली तर ही इजा टळते. धार काढल्यावर सडाचे द्वार मिटण्यास अर्धा तास ते तासभर लागतो, म्हणून वैरण नंतर टाकावी, जेणेकरून गाय खात उभी राहील आणि ओल्या जमिनीवर बसणार नाही. या उपायाला खर्च शून्य आहे. ज्या गाईला दगडी आहे तिची धार सर्वांत शेवटी काढावी, हे तर साध्या विवेकाने कळण्याजोगे.

प्रतिजैविकांनी एक नवे संकट आणले. सडात औषध भरलेल्या गाईचे दूध ठरलेले दिवस विकू नये, हा नियम पाळला न गेल्यास त्या दुधातील औषध विरजणाचे जंतू मारते, आणि मानवी रोगजंतू त्याच औषधाला हळूहळू दाद देईनासे होतात. या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा जो प्रसार चालवला आहे, तो मला विशेष समाधानाचा वाटतो. वसमतच्या हळदीच्या शेजारी राहणाऱ्या मुलखाला हे द्रव्य परके नाही, आणि वेळीच लावल्यास अनेकदा सुईची गरज टळते. तथापि ज्वर असलेल्या, चारा सोडलेल्या जनावरासाठी पशुवैद्यक बोलावण्यास विलंब करू नये.

विदर्भ आणि मराठवाड्यातील ज्या ११ जिल्ह्यांसाठी २०१६ पासून दुग्धविकास प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यांत जालना आहे, ही गोष्ट मोठ्या महत्त्वाची. कारण संकलन केंद्र म्हणजे गोठा आणि प्रयोगशाळा यांची नित्य भेट होण्याचे एकमेव ठिकाण. आजवर त्या ठिकाणी भाव ठरतो स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ यांवर, म्हणजे गर्बर यांनी १८९०च्या सुमारास रूढ केलेल्या परीक्षेच्या परंपरेत. आणि कासेचा रोग स्निग्धांशाच्या मापात बिनचूक उतरत नाही. युरोपने दुधातील पेशींची मर्यादा मिलिलिटरला चार लाख ठरवली आणि तिच्याशी विक्रीची परवानगी जोडली तेव्हाच तिथल्या गोठ्यांची शिस्त पालटली. जालन्याच्या संकलन केंद्रांनी भावाच्या तक्त्यात पेशींसाठी एक रकाना घालावा, महिन्यातून एकदा चार खणांचे ते पात्र प्रत्येक सभासदाच्या गोठ्यात न्यावे आणि निरोगी दुधाला लिटरमागे काही पैसे अधिक द्यावेत, अशी माझी मागणी आहे. ही चाचणी धार काढणाऱ्या बाईला, कोणते सड बिघडू लागले आहे, हे कास दगडासारखी होण्यापूर्वी सांगेल.