मलावी काँग्रेसचे पुनरागमन

23 जून 2020

मलावीत अध्यक्षपदासाठी फेरमतदान झाले. मलावी काँग्रेस पक्षाचे लाझरस चकवेरा जवळपास 59 टक्के मते घेऊन विजयी झाले. 28 जूनला लिलाँग्वेत त्यांनी शपथ घेतली. 1964 मध्ये देश स्वतंत्र झाला, तो याच पक्षाच्या नेतृत्वाखाली. पक्षाचे नेते हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीनंतर 1994 मध्ये मतदारांनी पक्षाला घरी बसवले होते. 26 वर्षांनी तेच मतदार पुन्हा त्याच्याकडे वळले.

पण या दिवसाचे खरे मोल पक्षापेक्षा न्यायालयाच्या खात्यावर जमा होते. 2019 च्या निवडणुकीतील निकालपत्रांवर चक्क व्हाइटनर फासून आकडे बदललेले आढळले आणि न्यायाधीशांनी अख्खी निवडणूकच रद्द केली. केनियात 2017 मध्ये असे झाले, तरी फेरमतदानात सत्ताधारीच जिंकले होते. रद्द झालेल्या निवडणुकीनंतर विरोधक सत्तेवर आले, ते आफ्रिकेत प्रथम मलावीतच. एकेकाळी ज्या पक्षाने विरोधकांना तुरुंगात डांबले, त्यालाच स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ झाला, हे विशेष. सप्टेंबर 2025 मध्ये चकवेरा हरले. त्यांनी पराभव मान्य केला आणि माजी अध्यक्ष पीटर मुथारिका पुन्हा सत्तेवर आले.