समुद्राचा तळ कोणाच्या मालकीचा?

आमच्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही. निजामाच्या अमलात असताना तर सबंध हैदराबाद संस्थानालाच किनारा नव्हता. तेव्हा समुद्रावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. पण जमिनीखाली काय दडले आहे हे न कळण्याचे दुःख मराठवाड्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. शेतकरी आधी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो. मग बोअरची गाडी येते, बहुधा तामिळनाडूची. पाणी लागो न लागो, फुटाचा हिशेब चुकता करून घेऊन गाडी निघून जाते. शेत आपले, यंत्र दुसऱ्याचे. समुद्राच्या बाबतीत जगातल्या गरीब किनारी देशांची हीच गत होती आणि भारत त्यांतलाच एक होता.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. वीसेक देशांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी हा महासागर पालथा घातला. त्यात भारताचीही जहाजे होती, पण खोल पाण्यातले बरेचसे काम मोठ्या देशांच्या जहाजांनी केले. अशा मोहिमांत माहिती जहाजाबरोबर निघून जाते, हा जुना अनुभव. या वेळी मात्र एक शहाणपणाची गोष्ट घडली. युनेस्कोच्या साहाय्याने कोचीन येथे हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्र उभे राहिले आणि निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी गोळा केलेले तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांचे नमुने तिथे जमा होऊ लागले. ते निवडता, ओळखता, मांडता भारतीय शास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पुढे तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आले. मला वाटते, मदत म्हणतात ती ही. नमुने इथेच राहिले आणि ते वाचणारे डोळेही इथेच तयार झाले.

१९७४ साली या संस्थेचे संचालक झाले डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म १९२६चा, अलाहाबादचा. शिक्षण अलीगढला, डॉक्टरेट वेल्समधील बँगोरची. त्याआधी ते केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांचे नाव आपल्या समाजात किती जणांना ठाऊक आहे? उर्दू शाळांत आम्ही सिंदबाद शिकवतो, पंधराव्या शतकातल्या इब्न माजिदचे नाव अभिमानाने घेतो. आपल्याच काळात, आपल्या शेजारच्या गोव्यात बसून महासागराचा तळ धुंडाळणाऱ्या माणसाचा मात्र मागमूस नाही. जामिया मिल्लियाचे कुलगुरू म्हणून काहींना ते आठवतात. १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेते म्हणून आणखी काहींना. २०१५ साली ते वारले.

त्यांच्या कारकिर्दीत संस्थेला 'गवेषणी' हे स्वतःचे जहाज मिळाले. १९७६ साली सेवेत आलेले हे जहाज मुळात गाळ वाहून नेणारी हॉपर बार्ज होती. तिचेच संशोधन जहाज करून घेतले होते. याच 'गवेषणी'ने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधातूंचे गोटे वर काढले. दिसायला बटाट्यासारखे, काळपट. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत हा गोटा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो.

या गोट्यांना एवढे महत्त्व का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टासारख्या चिमुकल्या देशाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा सर्व मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. ज्याच्याकडे यंत्र त्याची दौलत, असे चालू नये. (आपल्या फिक्हच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. समुद्रावर कोणा एकाची मिल्कियत तिथे मानलेलीच नाही.) त्यानंतर पंधरा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकात समुद्र कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. रेगन यांच्या अमेरिकेने सही केली नाही.

आधीपासून खर्च करून शोध घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न एका ठरावाने सोडवला. त्यात फ्रान्स, जपान, सोव्हिएत संघ आणि भारत हे चार देश नावानिशी आले. अट अशी की, १ जानेवारी १९८३ पूर्वी निदान ३ कोटी डॉलर या कामावर खर्च झालेले असावेत. चौघांत विकसनशील देश एकच. 'गवेषणी'चे गोटे वेळेवर वर आले नसते तर भारत त्या पंगतीत बसला असता का, याचा विचार ज्याने त्याने करावा. ऑगस्ट १९८७ मध्ये नोंदणी झाली तीही सर्वांआधी भारताची. मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. पुढे निम्मे सोडून ७५ हजार उरले.

या व्यवस्थेतले एक कलम मला फार आवडते. अर्जदाराने सारख्या किमतीचे दोन तुकडे दाखवायचे. एक त्याला मिळतो, दुसरा राखीव राहतो, म्हणजे मागून येणाऱ्या गरीब देशांसाठी. शिवाय त्या देशांची माणसे प्रशिक्षित करण्याचे बंधनही अर्जदारावर. भारतानेही असा तुकडा सोडला.

कलम चांगले होते, पण बोअरची गाडी तिथेही पोचलीच. पॅसिफिकमधल्या अशाच राखीव क्षेत्रासाठी २०११ साली नाउरू या बेटाच्या नावाने करार झाला. काम करणारी कंपनी पुढे कॅनडाच्या मालकीची झाली. नाउरूला यंत्र मिळाले नाही, शास्त्रज्ञही मिळाले नाहीत. त्याचे फक्त नाव लागले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाला डावलून परवाने देण्याचा हुकूम काढला आणि त्याच महिन्यात याच कंपनीने अमेरिकेकडे अर्ज केला. जुलै २०२५ मध्ये प्राधिकरणाची बैठक झाली तेव्हाही उपशाची नियमावली पुरी झालेली नव्हती. पार्दो यांनी ज्याची धास्ती घेतली होती तेच आता सुरू झाले आहे.

आणि आपण? भारताच्या वाट्याच्या क्षेत्रात ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने अफानासी निकितिन या समुद्रात बुडालेल्या डोंगरासाठी अर्ज केला, तिथल्या कोबाल्टसाठी. तो भाग श्रीलंकेने २००९ सालीच आपल्या खंडमंचाचा म्हणून सांगून ठेवला आहे. श्रीलंकेपाशी 'गवेषणी'च्या तोडीचे काय आहे, आणि कोचीनला युनेस्कोने जे उभे केले तसे काही आपण कोलंबोला उभे करून देणार आहोत का, हे त्या अर्जासोबत कोणी विचारलेले माझ्या वाचनात आले नाही.